तंबोऱ्याचा डबा, तबल्याचा डबा

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत गेलं, त्यांनी सगळ्यात जास्त ऐकलेली वाजवणारी जोडी कोणती? नाट्यगृहात ऐकलेली नाही, गणपतीच्या मांडवातली नाही, रेडिओवरचीही नाही. ती जोडी रोज पहाटे, दूधवाल्याची सायकल गल्लीत शिरायच्या आधी, भिंतीपलीकडून वाजायला लागायची. एक तंबोऱ्याचा डबा आणि एक तबल्याचा डबा. ज्या घरात गाणं शिकणारं एक माणूस होतं त्या घरात हे दोन डबे असायचे, आणि ज्या गल्लीत असं एक घर असायचं त्या अख्ख्या गल्लीला ते ऐकावे लागायचे. टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात, अनगोळात, निपाणीच्या जत्राट वेशीकडे, कुठेही जा. आतून आज्जीचा नाहीतर आईचा आवाज यायचा, "उठ गं, डबा लाव."

डबा लाव म्हटलं की आम्हाला जेवणाचा डबा कधी आठवला नाही. डबा म्हणजे सूर, डबा म्हणजे ठेका.

त्याआधी काय होतं, ते आमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. खरा तंबोरा मिरजेचा. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावता लावता तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि मिरज हे तंबोऱ्याचं गाव झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडच्या गाणाऱ्या घरांना आपल्याच भावकीतलं कोणी पास झाल्याचा आनंद झाला. पण मिरजेचा तंबोरा घरात असणं ही ऐपतीची गोष्ट होती, आणि ऐपतीपेक्षा जागेची. दोन खोल्यांच्या घरात तो ठेवायचा कुठे? भोपळ्याला धक्का लागला की संपलं. म्हणून तो कोपऱ्यात, आईच्या विरलेल्या इरकली लुगड्याच्या गवसणीत, खुंट्या भिंतीकडे करून उभा असायचा आणि आम्हा पोरांना त्याच्या दोन हात लांबूनच जायची परवानगी होती. मिरजेहून तो एसटीने आणायचा झाला तर दोन माणसं लागायची, एक तंबोरा धरायला आणि दुसरं कंडक्टरशी बोलायला.

ज्यांच्याकडे तंबोरा नव्हता ते पेटीवर सूर धरायचे. सूर धरायला घरातलं सगळ्यात धाकटं पोर बसवायचं. ताई गाणार, धाकटा भाता मारणार. तिची आलापी रंगात यायची तेव्हाच हा पेंगायचा, भाता थांबायचा, सूर विझायचा आणि ताईचा हात त्याच्या पाठीत बसायचा. काही घरांत युक्ती होती. षड्ज आणि पंचम दाबून त्यांच्या कडेला आगकाडी किंवा घडी केलेला कागद खोचायचा, म्हणजे पट्ट्या दबलेल्या राहायच्या आणि भाता मारणाऱ्याला बोटं मोकळी मिळायची. आमच्या बहुतेकांच्या पेट्यांवर मधल्या सप्तकातल्या त्याच दोन पट्ट्यांच्या कडा झिजलेल्या आहेत. आजही ती पेटी कोणी उघडली तर त्या घरातल्या बाईची पट्टी कोणती होती, ते त्या खुणांवरून सांगता येईल.

तबल्याचं तर आणखी अवघड. तबलजी घरी येणार म्हणजे चहा आला, पोहे आले, वेळ ठरवणं आलं, आणि सून गाणारी असेल तर सासूबाईंची संमती आली.

अशा घरांत हे डबे आले.

ते बेंगळुरूहून आले. जी. राज नारायण नावाचे एक इंजिनिअर, स्वतः बासरी वाजवणारे, कर्नाटक संगीतातले. त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला आणि 1979 मध्ये तो मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या वार्षिक संमेलनात पहिल्यांदा लोकांपुढे आला. त्यांची कंपनी रेडेल. पुढे त्यांनीच तबल्याचं यंत्र काढलं, तालमाला. सुरुवातीचे तंबोरे चांगले थोराड होते, कारण आतले सुटे भागच मोठे. पुढच्या वीसेक वर्षांत चिपा आल्या तसे ते बारीक होत गेले. इतर कंपन्यांचेही आले, पण आमच्याकडे तबल्याचा कुठलाही डबा असो, तो तालमालाच.

बेंगळुरूला प्रत्येकाचा एक मामा, नाहीतर काका नोकरीला असायचा. तो सुट्टीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत ठरलेल्या वस्तू असायच्या. म्हैसूर सँडलच्या वड्या, कोणाच्या तरी मुंजीसाठी एचएमटीचं घड्याळ, कॉफीची पूड, आणि एका वर्षी, खाकी खोक्यात, कागदाच्या कात्रणांत गुंडाळलेला तंबोऱ्याचा डबा. तबल्याचा डबा दुसऱ्या वर्षी. दोन्ही एकदम घेणारी घरं थोडी होती. बहुतेकांनी आधी सूर घेतला, मग पैसे साठवून ताल घेतला. क्रम मात्र कोणी उलटा केला नाही. ताल एखादवेळेस हातावर देता येतो, सूर आणणार कुठून?

तो डबा कसा होता, ते अजून बोटांना पाठ आहे. पुढच्या अंगाला काळे नॉब. एक आवाजाचा, एक पट्टीचा, एक छेडण्याच्या वेगाचा. पट्टीखाली काळी-पांढरीच्या खुणा. बायकांचं साधारण काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषांचं काळी एक-पांढरी दोनकडे. एकाच डब्यावर आई आणि बाबा दोघं रियाज करत असतील तर आईनं लावलेली पट्टी बाबांनी हलवली म्हणून सकाळी सकाळी बोलाचाली. म्हणून काही घरांत नॉबच्या कडेला नखरंगाचा एक लाल ठिपका असायचा. ती आईची जागा. बाबांनी पाहिजे तिकडे फिरवावा, पण उठताना ठिपक्यावर आणून ठेवावा. पहिल्या तारेसाठी एक बटण, पंचम पाहिजे की मध्यम की निषाद. मालकंस घ्यायचा तर पंचम चालत नाही, हे थिअरीच्या वहीआधी आम्हाला त्या बटणानं शिकवलं. त्या दिवशी आई बटण सरकवायची आणि घरातला सगळा रंगच बदलायचा. स्वयंपाकघरात वाटण वाटणाऱ्या आज्जीला सुद्धा कळायचं. "आज मध्यमाचा लावलाय की गं," ती तिथूनच म्हणायची.

डब्यावर क्रोशाचा रुमाल. रुमालावर कोणी पेला ठेवला तर खैर नाही. खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात तेव्हा हे डबे पुजायचे की नाही, यावर पहिल्या वर्षी बरीच चर्चा झाली. विळी पुजतात, पाटा-वरवंटा पुजतात, शिवणयंत्र पुजतात, पेटी तर पुजायचीच. मग हा का नको? आज्जीनं निकाल दिला, "त्यातनं सा निघतो नव्हे? मग पुजा." हळद-कुंकू, झेंडूचं फूल. फक्त पाणी शिंपडायचं नाही, आत करंट आहे.

गाणं शिकवणाऱ्या मास्तरांना डबा फारसा पटला नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली रेशमाचा नाहीतर सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात. ती जमली की तार नुसती वाजत नाही, उघडते, आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. स्वयंभू गंधार. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, त्यांच्या परंपरेत वाढलेल्या कानाला डब्याचा सूर कोरडाच वाटणार. सुळेभावी हे बेळगाव जिल्ह्यातलं गाव. तिथे 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकली पुढे कुमार गंधर्व झाले. तंबोरे जुळवण्यात ते किती काटेकोर होते, हे आमच्याकडे गाणाऱ्या प्रत्येक घरात पोरांना सांगितलं जायचं. त्याच पोरांनी मग डब्याचा नॉब फिरवून गायला बसायचं, हे मास्तरांना कसं सोसावं?

पण मास्तरांनाही आपल्याच मुलखातली एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती. यंत्रातून नेमका सूर काढायचा ध्यास इथे नवा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर त्यांनी श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला, आणि त्यांच्या प्रयोगांना सूर दिला तो खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांनी. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, ते उघडायला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत आमच्या घरांतली पेटी काही बंद पडली नाही. तेव्हा डब्याला नाक मुरडणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा लावायचा, ही रीत घराघरांत आपोआप पडली. मास्तर शिकवणीला आले की कोपऱ्यातला तंबोरा काढायचा, मास्तर गेले की डबा.

आणि पावसाळ्यात तर मास्तरही गप्प बसायचे. खानापूरच्या बाजूनं ढग चढले की बेळगावात महिनोन्‌महिने कपडे वाळत नाहीत, तिथे तबल्याचं चामडं काय ताणून राहणार? तबला उतरतो, बायाँ भदभद बोलतो. गठ्ठे ठोका, हातोडीनं गजऱ्यावर मारा, चुलीच्या उबेला धरा, पुन्हा अर्ध्या तासानं तेच. तंबोऱ्याच्या तारा दमटपणानं सरकायच्या, खुंटी पिळायची तर फुगलेली. मणके खालीवर करून आई दमायची. डब्याला पाऊस माहीत नव्हता. श्रावणात कौलांवर पावसाचा एकसारखा आवाज, खाली डब्याचा एकसारखा आवाज, आणि त्यात ताई मियाँमल्हाराचा कोमल गंधार शोधत बसलेली. मृगापासून नवरात्रापर्यंतचा रियाज आमच्या पिढीनं या डब्यांच्या जिवावर केला, हे मान्य करायलाच हवं.

तबल्याच्या डब्याचा आवाज मात्र सुरुवातीला फारसा गोड नव्हता. उपड्या पातेल्यावर बोटं वाजवावीत तसा. पुढे खऱ्या तबल्याचे बोल मुद्रित करून भरलेले डबे आले, तेव्हा 'धा' हा 'धा' वाटू लागला. तरी ठेका चोख. तीनताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केरवा, दीपचंदी, भजनी. ताल निवडायचा नॉब फिरवताना मध्येच चुकीच्या तालाचे दोन बोल वाजून जायचे आणि घरातलं सगळ्यात लहान लेकरू तेवढ्यावर नाचून घ्यायचं. विलंबित एकताल लावला की 'धिं'पासून पुढच्या 'धिं'पर्यंत इतकी मोकळी जागा राहायची, की पाहुण्यांना डबा बंद पडलाय असं वाटायचं. आम्हाला त्या जागेत मात्रा मोजायची सवय लागली. बोटांच्या पेरांवर, पोळी लाटता लाटता, शाळेच्या रस्त्यानं.

तबलजी मायाळू असतो. गाणारीची तान लांबली, समेवर यायला तिला जरा उशीर झाला, तर तो सांभाळून घेतो. डबा सांभाळून घेत नव्हता. सम आली म्हणजे आली. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर पुढच्या आवर्तनाला या. शेजारच्या काकू म्हणायच्या, घरात सगळे माझ्यासाठी थांबतात, हा एकटा थांबत नाही. त्यांनी लग्नानंतर, दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर, पुन्हा गाणं धरलं होतं. प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद. पलुस्करबुवांनी, आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांनी, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यातून पुढे आलेल्या त्या परीक्षा आमच्या गल्लीगल्लीत दिल्या गेल्या, आणि त्या देणाऱ्यांत अशा काकू, वहिनी, मामी किती होत्या! त्यांच्याकडे तबलजी येणं शक्य नव्हतं. दुपारी घर निजलं की दार लोटून, आवाज बारीक करून त्या दोन डब्यांसमोर बसायच्या. कोणाची परवानगी नको, कोणासाठी पोहे नकोत. या दोन डब्यांनी आमच्याकडच्या बायकांना त्यांच्या वेळेला, त्यांच्या पट्टीत, कोणाच्याही उपकाराशिवाय गाऊ दिलं. या जोडीची सगळ्यात मोठी कामगिरी विचाराल तर मी हीच सांगेन. मैफिली गाजवणाऱ्या जोड्या पुष्कळ झाल्या. ही जोडी मैफिलीत कधी पुढे बसली नाही, पण तिनं जितकी माणसं गाती ठेवली तितकी क्वचितच कोणी ठेवली असतील.

निपाणीची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे तंबाखू. वखारी उघडल्या की हवेत धास चढायची, नवख्या माणसाला शिंकांवर शिंका. म्हणून निपाणीचा रियाज वखारी उघडायच्या आत. दिवस उजाडायला डबा बंद झाला पाहिजे, नाहीतर तानेत ठसका. सीमेवरचं गाव म्हणून आणखी एक गंमत होती. देवचंद कॉलेज निपाणीकरांचंच, पण ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरं रोज राज्य ओलांडून वर्गात जायची. तसंच विजेचं. इकडे केईबी, तिकडे एमएसईबी. इकडची लाईट गेली की तिकडचे दिवे दिसायचे. उलटंही व्हायचं. ज्या डब्यात सेल घालायची सोय होती तो डबा त्या वेळी राजा. ज्यात नव्हती त्याचं गाणं 'ग म' वर असेल तिथेच राहायचं आणि अंधारातून आवाज यायचा, "गेली बघा!" लाईट आल्याबरोबर डबा स्वतःहून पुन्हा वाजायला लागायचा, गाणारी तोवर भाजी निवडायला गेलेली. घरभर रिकामा षड्ज.

उन्हाळ्यात लाईट असूनही नसल्यासारखी. व्होल्टेज पडलं की बल्ब तांबडे व्हायचे, आणि साधा एलिमिनेटर लावलेला डबा थरथरायला लागायचा. मग स्टॅबिलायझरची खटपट. टीव्हीचा स्टॅबिलायझर डब्याला द्यायचा की नाही, यावर रविवारी सकाळी जी भांडणं झाली ती आमच्या पिढीला सांगायला नकोत.

वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरांत मागांचा खटखटाट. शहापुरी साड्यांचा तो भाग, पूर्वी सांगली संस्थानातला. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि ज्यांच्या घरात चार माग चालायचे त्यांची मुलगी आतल्या खोलीत झपताल लावून बसायची. मागाची लय एक, डब्याची दुसरी. तिला दोन्ही एकदम ऐकायची सवय. मागाचा आवाज कानाआड करून दहा मात्रा धरायला जी शिकली, तिला पुढे कुठल्याही सभागृहात कधी बिचकायला झालं नसेल.

डबे बिघडायचे. बिघडले तर बेंगळुरूला कोण पाठवणार? रेडिओ दुरुस्त करणारे होते की. खडेबाजारात, गणपत गल्लीच्या आतबाहेर, निपाणीत बसस्टँडच्या अंगाला, जिथे मर्फीचे, फिलिप्सचे रेडिओ पोटं उघडून पडलेले असायचे तिथेच हे डबेही. सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे खरखर. नॉब फिरवला की आत कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते, ती बोलते. निपाणीच्या डब्यांत तर तंबाखूची बारीक पूड निघायची. रेडिओवाला मागचे स्क्रू काढायचा, रंगाच्या बारीक ब्रशानं स्पिरिट लावायचा, नॉब पुढेमागे, पुढेमागे फिरवायचा, फुंकर मारायचा. दुसरं दुखणं, हलवाहलवीत सोल्डर सुटलेला. डबा टेबलावर आपटला की वाजतो, नाहीतर नाही. तिसरं दुखणं ट्रान्सफॉर्मर जळालेला, त्याचा वास आधी घरात पसरतो आणि डबा मग बंद पडतो.

त्या रेडिओवाल्यांना सरगम येत नव्हती, असं आम्ही समजायचो. पण दुरुस्ती झाली की ते डबा लावायचे, डोळे मिटायचे, आणि नॉबवर एक बोट ठेवून म्हणायचे, "आता बराबर बसूलालाय बघा. मगाशी जरा वरती व्हता." घरी आणून पेटीशी ताडून पाहिलं तर खरंच बरोबर. दिवसभर शंभर रेडिओंचे आवाज ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. "कधी देताय ओ?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून दोन दिवस लागतील की ओ." ते दोन दिवस आठवडाभर चालायचे आणि तेवढे दिवस धाकट्याला पुन्हा भात्यावर बसावं लागायचं.

डबा टाकून द्यायची रीत नव्हती. एका घरातून डबा दुसऱ्या घरात जायचा. ताईचं लग्न झालं की तिच्या रुखवतात, रुमालासकट. नाहीतर चुलत बहिणीला. नाहीतर देवळातल्या भजनी मंडळाला. भजनी मंडळानं आधी नाही म्हटलं, कारण पखवाज असताना डबा कशाला? पण पखवाजवाला गावाला गेला त्या एकादशीला भजनी ठेक्याचा नॉब फिरला, आणि मंडळ डब्याला टाळ देत बसलं.

याच काळात जगात काय चाललं होतं, ते आम्हाला फार नंतर कळलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग सिंथेसायझर येऊन तिथे प्रयोग झाले होते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तिच्याकडे तेव्हा फारसं कोणी वळून पाहिलं नाही आणि 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगानं कौतुक केलं. आणि न्यूयॉर्कला ला माँट यंग आणि मरियन झझीला हे दांपत्य तर साठच्या दशकापासून यंत्रांतून निघणारे थोडेसेच स्थिर सूर धरून ठेवत होतं. खोलीत सूर लागलेला, दिवसरात्र, माणसं येणार, बसणार, जाणार. 1970 मध्ये किराण्याचे पंडित प्राणनाथ तिकडे गेले, ही दोघं त्यांची शिष्य झाली, पुढे प्राणनाथांनी तिथे किराणा केंद्र काढलं. नुसत्या तंबोऱ्यांची, गाण्याविना, या दांपत्यानं रेकॉर्ड काढली. लोक म्हणतात, थोडक्या सुरांचं, एकाच जागी थांबणारं हे संगीत फार नवं. आमच्या गल्लीतल्या कोणालाही त्या खोलीत नेऊन बसवलं असतं तर तो भिंतीला टेकून म्हणाला असता, हो, हे आमच्याकडे रोज पहाटे असतं. आई गायला बसायच्या आधी दहा मिनिटं नुसता डबा लावून ठेवायची. गायची नाही. घर सुरात येऊ दे, म्हणायची. त्या दहा मिनिटांत कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, नळाखाली बादली आपटायची नाही. आम्ही अंथरुणात पडून ऐकायचो. एकच सूर, आणि त्यात पाहावं तितकं दिसायचं. आधी नुसती गुणगुण, मग पंचम वेगळा, मग खर्ज खाली बसलेला, आणि मग कधीतरी, मास्तर काही म्हणोत, आम्हाला त्यातही गंधार ऐकू आला आहे.

नव्वदीनंतर लेहऱ्याचाही डबा आला. मग तंबोरा आणि तबला दोन्ही एकाच डब्यात बसवलेले आले. आणि मग फोन. प्रसाद उपासनी यांचं आयतबला प्रो आलं, त्यात खऱ्या तंबोऱ्याचा, खऱ्या तबल्याचा आवाज, हवी ती पट्टी, हवा तो ताल. आता आमच्या मुली रियाजाला बसतात त्या फोन उभा करून. आवाज डब्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे, यात वाद नाही. मध्ये कोणाचा तरी फोन येतो आणि तीनताल नवव्या मात्रेवर कापला जातो, तेवढं सोडलं तर काही तक्रार नाही. मिरजेतही तंबोरे बनतात अजून, आणि जमेल त्यानं घरात एक घ्यावाच.

तरी ज्यांच्या कपाटावर, पोटमाळ्यावर, जुन्या ट्रंकेत तो डबा आहे त्यांना एक विनंती. सेल आत राहिले असतील तर आधी ते काढा. ते गळतात आणि पत्रा खातात. पत्र्यावर पांढरा बुरा चढला असेल तर चिंचेच्या पाण्याचं बोट लावून कोरड्या फडक्यानं पुसा, आतल्या भागाला पाणी लागू देऊ नका. वायर उंदरानं कुरतडली असेल तर बदलून घ्या. मग लावा. खरखर करेल, म्हणून घाबरू नका. आवाजाचा नॉब दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग पट्टीचा. लाल ठिपका शिल्लक असेल तर तिथे आणून ठेवा. आणि शेजारी कोणी नवीन शिकणारी मुलगी असेल, जिच्या हाती अजून फोन दिलेला नाही, तर रुमालासकट तिच्या घरी पोचवा.